नाडी स्क्रीनवर लागत नाही

‘ऑनलाइन लेक्चर’ हा शब्द आपल्या हॉस्टेलवर नुसता काढून बघा, लगेच किस्से सुरू होतात. कोणी पांघरुणातून हजेरी लावलेली असते, कोणी माइक चालू ठेवून आईशी भांडलेला असतो, कोणी भूमितीचं अख्खं पुस्तक म्यूटवर संपवलेलं असतं. कोरोनाच्या दिवसांत आपण बहुतेक जण शाळेत होतो. मी दहावीत. २०२१ ची बोर्डाची परीक्षा रद्द झाली, मार्क मिळाले, विषय संपला.

आमच्या घरी मात्र तो विषय बरेच दिवस चालू राहिला. कारण माझी ताई तेव्हा बी.एस्सी. नर्सिंग करत होती. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि ती हॉस्टेलची पेटी घेऊन घरी आली. घर म्हणजे मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या पुढे एक पाडा. तिचे क्लास मोबाईलवर सुरू झाले. एकदा मॅडमनी सांगितलं, घरातल्या कोणाचीही नाडी मोजा, व्हिडिओ काढा आणि पाठवा. ताईने आजीचा हात धरला. पहिल्यांदा व्हिडिओ हलला, दुसऱ्यांदा कोंबडी मध्ये आली, तिसऱ्यांदा आकडा मोजताना चुकला. चौथ्या वेळी आजी म्हणाली, “अगं, सारखी नाडी बघतेस, मी काय आता जाते की काय?”

आम्ही खूप हसलो. व्हिडिओ मात्र गेला नाही. रेंजसाठी ताई सूर्यमाळच्या बाजूला चढून गेली, तिथून तासाभराने एकदाचा गेला. उत्तर आलं, ‘रिसीव्हड’. बोटं बरोबर जागी होती का, दाब जास्त पडला का, काही नाही. फक्त ‘रिसीव्हड’.

पुढे कॉलेजकडून एक फॉर्म आला. ‘ऑनलाइन शिक्षणाबद्दल तुमचे मत: अत्यंत समाधानी, समाधानी, तटस्थ, असमाधानी, अत्यंत असमाधानी.’ ताई बराच वेळ फोन हातात धरून बसली. म्हणाली, “यात काय टिक करू? फार्माकॉलॉजी छान कळली. इंजेक्शन द्यायला मात्र शिकले नाही. दोन्हीचा मिळून तटस्थ लिहू का?”

हा लेख त्या एका फॉर्मवर आहे. मेडिकल आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिक्षण आवडतं का, हा प्रश्न तसा साधा वाटतो. पण तो आपण इंजिनियर लोकांनी नीट उकलून बघण्यासारखा आहे, कारण त्यातलं अर्धं उत्तर आपल्याच सिलॅबसमध्ये आहे.

आधी रेंजचं बघू

ज्यांनी मोखाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी: जव्हारहून त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर आमचा तालुका लागतो. २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्ह्यात होता, त्या वर्षी १ ऑगस्टपासून पालघरमध्ये आला. सगळा सह्याद्रीचा डोंगराळ भाग. वारली, कातकरी, ठाकूर, कोकणा, महादेव कोळी अशी वस्ती, आणि गावाचे पाडे एकमेकांपासून लांब, मध्ये दऱ्या. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच भागात आहे. पाण्याची पाइपलाइन मुंबईपर्यंत पोचली, मोबाईलची रेंज पलीकडच्या पाड्यापर्यंत पोचायला अजून अडखळते.

का अडखळते? मोबाईलच्या फ्रिक्वेन्सीला डोंगर आडवा आला की मागे सावली पडते. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितकं वळसा घेऊन जाणं कमी. त्यात एक गंमत आहे जी मला इथे सेकंड इयरला कळली. टॉवर काही दहा वॅटने पाठवतो, आपला हँडसेट जास्तीत जास्त साधारण ०.२ वॅटने. म्हणजे सिग्नल कमजोर असला की टॉवरचं आपल्याला ऐकू येतं, आपलं टॉवरला जात नाही. ताईला मॅडमचा आवाज येत होता. मॅडमला ताई दिसत नव्हती. हजेरीत गैरहजर! ताई अक्षरशः ओरडत होती, “मॅडम, मी आहे!” आणि ते आमच्याशिवाय कोणालाच ऐकू जात नव्हतं.

आता डेटाचं गणित करा. व्हिडिओ क्लास सेकंदाला १ मेगाबिटने चालला असं धरू. तासाचे ३६०० मेगाबिट, आठने भागा, ४५० एमबी. दिवसाला पाच तास म्हणजे सव्वादोन जीबी. आमच्या घरात एकच बरा फोन, पॅक दिवसाला दीड जीबीचा, आणि त्यावर माझी दहावी. तेच लेक्चर नुसत्या आवाजाने, ३२ किलोबिटने पाठवलं तर तासाला साडेचौदा एमबीच्या आत बसतं. म्हणजे तीसपट फरक. स्लाइडची पीडीएफ आदल्या दिवशी टाकली आणि वर आवाज दिला, तर फार्माकॉलॉजीचं काही बिघडत नाही. पण बहुतेक ठिकाणी लाइव्ह व्हिडिओचाच आग्रह होता, कारण विद्यार्थी ‘दिसला’ पाहिजे.

तर पहिला मुद्दा हा. ग्रामीण भागातला विद्यार्थी ‘असमाधानी’वर टिक करतो, तेव्हा तो कित्येकदा शिक्षणाबद्दल बोलतच नसतो. तो नेटवर्कबद्दल बोलत असतो. घरी असलेल्या मुलीला क्लास चालू असताना पाणी आणायला पाठवतात, जुलैत भाताच्या लावणीला हात कमी पडतात म्हणून बोलावतात, हेही त्याच टिकमध्ये येतं. फॉर्म भरून घेणाऱ्याला हे वेगळं करून दिसत नाही.

जे तारेतून जातच नाही

आता समजा रेंज उत्तम आहे. हायस्पीड फायबर आहे. तरी काय अडतं?

पहिलं उदाहरण हृदयाच्या ठोक्यांचं. ‘लब-डब’ म्हणतो ते आवाज बहुतेक करून २० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात. जुन्या टेलिफोनचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झ, कारण माणसाचं बोलणं कळायला तेवढा पुरतो. मोबाईलचा छोटासा स्पीकर इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सीला जवळपास मुकाच असतो. त्यावर मीटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज सप्रेशन असतं. त्याला शिकवलेलं असतं की बोलणं ठेव, बाकी सगळं गोंगाट समजून काढून टाक. म्हणजे सर तिकडे पोटतिडकीने झडपेच्या आजारातला आवाज ऐकवतायत आणि सॉफ्टवेअर तो ‘गोंगाट’ पुसून टाकतंय! चांगला इयरफोन असेल आणि रेकॉर्ड केलेली फाइल डाऊनलोड करून ऐकली तर बरंच काम होतं. लाइव्ह क्लासमध्ये फोनच्या स्पीकरवर होत नाही. बीपी मोजताना स्टेथोस्कोपमध्ये येणारे आवाजही असेच खालच्या पट्टीतले.

दुसरं उदाहरण रंगाचं. आमच्या भागात ॲनिमिया म्हणजे रक्त कमी असणं हा रोजचा विषय. नर्स बाईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघते. लाल आहे, फिकट आहे की पांढुरका. फोनच्या कॅमेऱ्यात ऑटो व्हाइट बॅलन्स असतो. पिवळ्या बल्बखाली तो चित्र निळसर करतो, झाडाखाली वेगळंच काही. वर स्क्रीनचा ब्राइटनेस प्रत्येकाचा निराळा. फिकटपणा ओळखायला शिकायचं असेल तर पाच-पन्नास डोळे एकाच उजेडात शेजारी शेजारी बघायला हवेत. कावीळ, ओठांचा निळेपणा, सगळ्याचं तेच.

तिसरं हाताचं. शीर सापडणं म्हणजे काय हे ताईने मला सांगितलं. दिसते ती शीर नेहमी चांगली नसते. बोटाखाली दाबून सोडली की उसळी मारते ती चांगली. गरोदर बाईच्या पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे, पाठ कुठे, हे ओळखायचं असतं. पुस्तकातली आकृती सगळ्यांची पाठ असते, हाताला ती पहिल्यांदा कळते तेव्हा शेजारी अनुभवी सिस्टर लागते.

आता कंट्रोल सिस्टिमवाल्यांनो, इथे लक्ष द्या. वॉर्डात शिकणं हे क्लोज्ड लूप आहे. तुमचा हात चुकीच्या कोनात गेला की सिस्टर मनगट धरून लगेच सरळ करतात. एरर कळतो, करेक्शन मिळतं, पुढचा प्रयत्न सुधारतो. ऑनलाइनमध्ये ताईने व्हिडिओ पाठवला, ‘रिसीव्हड’ आलं. हा ओपन लूप. ओपन लूपमध्ये चूक झाली तर ती चूकच पक्की होते. ताई तेव्हा नाडी अंगठ्याने बघायला लागली होती. अंगठ्यात स्वतःचेच ठोके जाणवतात, म्हणून ते करायचं नसतं. कॉलेज उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात सिस्टरनी हात झटकला, सवय जायला महिना लागला.

नर्सिंगच्या त्या वेळच्या अभ्यासक्रमात बाळंतपणाच्या केसबुकात २० नॉर्मल प्रसूती स्वतःच्या हाताने केल्याची नोंद लागायची. त्यातली एकसुद्धा झूमवर होत नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको.

मग त्यांचं मत नक्की काय?

२०२० आणि २०२१ मध्ये देशभरच्या मेडिकल आणि नर्सिंग कॉलेजांत अशा खूप पाहण्या झाल्या. त्यांचा सूर साधारण एकच. शिक्षण थांबलं नाही याचं समाधान, रेकॉर्डिंग पुन्हा बघता येतं हे आवडतं, प्रवास वाचतो हेही आवडतं. आणि प्रॅक्टिकल, पेशंटसमोरचं शिकणं यात मोठा तोटा, नेटवर्कचा त्रास, प्रश्न विचारायला संकोच. बहुतेकांना दोन्हीची सांगड हवी, नुसतं ऑनलाइन नको.

पण मेडिकल आणि नर्सिंग या दोघांना एकाच टोपलीत टाकू नये असं माझं मत आहे. जव्हारकडचा आमच्या ओळखीचा एक दादा तेव्हा एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होता. तो ऑनलाइनवर खूश! पॅथॉलॉजीची लेक्चर दीडपट स्पीडने बघायचा. त्याचं कारण उघड आहे. डॉक्टरांच्या पुढच्या वाटेवर नीट पीजीची परीक्षा उभी असते आणि ती पूर्ण एमसीक्यूची. तिच्यासाठी मुलं आधीपासूनच कोचिंगचे रेकॉर्डेड व्हिडिओ बघत होती. शिवाय पुढे वर्षभराची इंटर्नशिप आहेच, हात तेव्हा बसेल अशी आशा. नर्सिंगची मुलगी पास झाली की थेट ड्यूटीवर. नाईटला तीस पेशंट, आणि सलाईन लावायचंय तिलाच. म्हणून ती जास्त घाबरलेली असते. फॉर्ममध्ये या भीतीचं नाव ‘ऑनलाइन शिक्षणाबद्दल नकारात्मक दृष्टिकोन’ असं पडतं. मला ते पटत नाही. स्वतःला काय येत नाही हे ज्याला नीट कळतं, त्याचा दृष्टिकोन नकारात्मक कसा?

आणि ती भीती खोटीही नव्हती. दुसरी लाट चढत असताना ३ मे २०२१ ला केंद्र सरकारने निर्णय जाहीर केला. बी.एस्सी. आणि जीएनएम झालेल्या नर्सेसना सीनियरच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्यूटी. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली फोनवरून सल्ला द्यायचा आणि सौम्य पेशंटवर लक्ष ठेवायचं. शेवटचं वर्ष स्क्रीनवर काढलेल्या कित्येक मुली थेट वॉर्डात उभ्या राहिल्या. ताईच्या सीनियर त्यात होत्या. एकीने ताईला फोनवर सांगितलं होतं, “पीपीई घालून घाम येतो ना, तो उकाड्याचा किती आणि भीतीचा किती, ते कळत नाही.”

आणि आता उलटी गोष्ट

इथपर्यंत वाचून वाटेल, म्हणजे ऑनलाइन वाईट. थांबा.

ताई २०२२ मध्ये पास झाली. पुढचा सहा महिन्यांचा कोर्स करून आता ती आमच्याच पट्ट्यातल्या एका उपकेंद्रावर सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तिथे डॉक्टर नाही. ती, नर्सताई आणि आशाताई. मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय लांब, जव्हारचं कुटीर रुग्णालय आणखी लांब. पावसाळ्यात ओढा आला की दोन्ही सारखेच लांब.

आमच्या भागाला या अंतराची मोठी किंमत मोजावी लागली आहे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू राज्यभर गाजले. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यातल्या मर्कटवाडीत सात महिन्यांच्या गरोदर बाईची घरीच प्रसूती झाली, जुळी बाळं गेली, आणि रस्ता नाही म्हणून बाईला डोली करून न्यावं लागलं. तीस वर्षांचं अंतर आहे या दोन बातम्यांत.

अशा जागी ताई आता ई-संजीवनीवर बसते. सी-डॅकच्या मोहाली केंद्राने बनवलेली ही केंद्र सरकारची टेलिमेडिसिन सेवा २०१९ च्या शेवटी सुरू झाली. उपकेंद्रातला सीएचओ पेशंटला समोर बसवून मोठ्या ठिकाणच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर जोडतो. मागच्या पावसाळ्यात एक गरोदर बाई आली. पाय सुजलेले, बीपी १५० वर १००. कॉल लागला, चित्र अडकत होतं. डॉक्टरांनी विचारलं, सूज किती? ताईने पायावर अंगठा दाबून धरला, सोडला, खड्डा पडला, तो भरायला किती वेळ लागला ते सांगितलं. डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, विचारून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, थांबू नका, १०८ बोलवा, जव्हारला पाठवा. बाई वेळेत पोचली. आई आणि बाळ दोघं ठीक आहेत.

त्या कॉलमध्ये डॉक्टरांचे हात म्हणजे ताईचे हात होते. ते आधी वॉर्डात तयार झाले होते म्हणून व्हिडिओ कॉलचा उपयोग झाला. नसते झाले, तर डॉक्टरांनी कितीही चांगलं विचारलं असतं तरी उत्तर कोण देणार होतं?

नोकरीतलं तिचं ट्रेनिंगही बरंचसं ऑनलाइन होतं आणि ते ती चुकवत नाही! एका दिवसाच्या ट्रेनिंगसाठी पालघरला जायचं तर उपकेंद्र दिवसभर बंद. ऑनलाइन असेल तर तासाभरात होतं, आणि सकाळी पाहिलेल्या पेशंटबद्दलच प्रश्न विचारता येतो. जगात हे आधीच करून पाहिलेलं आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. हिपॅटायटिस-सीचे पेशंट तज्ज्ञांपर्यंत पोचत नव्हते, तेव्हा त्यांनी गावोगावच्या डॉक्टर-नर्सेसना दर आठवड्याला व्हिडिओवर जोडून खऱ्या केसेसवर चर्चा सुरू केली. २०११ मध्ये निकाल छापून आले: त्या गावांतल्या उपचारांचा गुण विद्यापीठातल्या तज्ज्ञांच्या उपचारांइतकाच. पण लक्षात घ्या, तिथे शिकणारे आधीच काम करणारे लोक होते. त्यांच्या हाताला पेशंट माहीत होता, उणीव माहितीची होती. आणि माहिती तारेतून छान जाते.

एकाच माणसाचं एकाच गोष्टीबद्दलचं मत असं बदललं. तिसऱ्या वर्षाला असताना ताईला ऑनलाइन नकोसं होतं, उपकेंद्रावर ते हवंसं झालं. ताई बदलली नाही. त्या स्क्रीनकडून तिची मागणी बदलली.

आपण काय करायचं?

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघून पायथन नाहीतर लिनक्स शिकलंय. प्रा. कन्नन मौद्गल्य यांचा हा प्रकल्प. छोटे छोटे व्हिडिओ, नेट नसलं तरी चालतात, बघत बघत शेजारी स्वतः करून पाहायचं. त्याच पद्धतीवर आयआयटीतच डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली आरोग्य आणि पोषणाचे व्हिडिओ तयार झाले. बाळाला छातीशी कसं धरायचं, वरचं अन्न कधी आणि काय द्यायचं. मराठीसकट अनेक भारतीय भाषांत ते आहेत. ताईकडे ते फोनमध्ये डाऊनलोड केलेले आहेत. ती बाईला आधी व्हिडिओ दाखवते आणि मग स्वतःच्या हाताने बाळाची पकड नीट करून देते. आधी स्क्रीन, लगेच हात. लूप क्लोज्ड!

आता बीई प्रोजेक्टच्या टॉपिकची वेळ येईल. दरवर्षी आपल्याकडे लाइन फॉलोअर रोबो आणि स्मार्ट डस्टबिन यांचं पीक येतं. त्याऐवजी तीन टॉपिक देतो, फुकट घ्या.

एक, डिजिटल स्टेथोस्कोप. साध्या स्टेथोच्या नळीत मायक्रोफोन, २० ते २०० हर्ट्झचा फिल्टर, ॲम्प्लिफायर, बाहेर इयरफोन, आणि मोबाईलवर स्पेक्ट्रोग्राम. कानाला कळलं नाही तर डोळ्याला दिसेल, आणि दहा जणांना एकदम ऐकता येईल.

दोन, रास्पबेरी पायवर लोकल सर्व्हर. प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवायचा, रात्री रेंज असेल तेव्हा लेक्चर उतरवून घ्यायची, दिवसा सगळ्यांनी वाय-फायवर नेटशिवाय बघायची.

तीन, पीडीएफ आणि ३२ किलोबिट आवाज एकत्र चालवणारं साधं ॲप. व्हिडिओ नाही. हजेरीही नंतर, रेंज आली की आपोआप जाईल अशी. हे तिसरं करणाऱ्याला ताईकडून नागलीच्या भाकरीचं जेवण कबूल आहे.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा ताईला मुद्दाम तोच जुना फॉर्म वाचून दाखवला. समाधानी, तटस्थ, असमाधानी. म्हटलं, आता सांग. ती लसीकरणाचं रजिस्टर लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, “कोणाला विचारतोस? थर्ड इयरच्या मला की आत्ताच्या मला? दोन फॉर्म आण.”

मी पहिल्या टॉपिकवर ग्रुप करतोय. ॲनालॉग चांगला येणारा एक आणि ॲप लिहिणारा एक, असे दोघे हवे आहेत. रात्रीच्या मेसला भेटा.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन